पांढरी पाच

मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत असे छापले आहे की, मुख्य नायिका ऐनवेळी आजारी पडली, प्रॉक्सी असलेल्या वसंता राव यांना रंगमंचावर ढकलण्यात आले आणि पडदा पडेपर्यंत चेन्नईतल्या मराठी प्रेक्षकांना एक तारका मिळाली. या वाक्यातला पहिला भाग निर्विवाद आहे. नायिकेचा घसा खरोखरच बसला होता. बाकीचे मात्र पुराव्याशी जुळत नाही. वसंताला कोणीही ढकलले नव्हते; तिला विंगेत थांबवून धरण्यासाठी जेवढे करता येण्याजोगे होते तेवढे त्या दिवशी करून झाले होते. तारका होण्याबद्दल विचारले तर ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणते, "तारका रात्री दिसतात. माझा प्रयोग दुपारचा होता."

वसंता अण्णा नगरातल्या एका बँकेच्या शाखेत नोकरी करते आणि वेलचेरीत राहते. पन्नाशी अजून गाठायची आहे, पण केसांनी ती आधीच गाठली आहे आणि तिने केसांना तसे करू दिले आहे. तिचे घराणे तंजावरचे. आजोबा मद्रासला आले, वडील राघोत्तम राव कचेरीत कारकून झाले आणि संध्याकाळी मुलीला समोर बसवून कर्नाटक संगीत शिकवू लागले. घरात बोलली जाणारी मराठी जुनी आहे. तिला तामिळची लय आहे, वाक्य शेवटाकडे वर चढते आणि 'सगळे' म्हणायचे तिथे 'अस्का' येते. वडिलांचा तंबोरा वेलचेरीत पुराचे पाणी शिरले त्या वर्षी भोपळ्यासकट कुजला. तेव्हापासून वसंताच्या पर्समध्ये डब्याशेजारी छोटी श्रुतीपेटी असते. बटण दाबले की ती अखंड सा आणि प वाजवत राहते. बँकेत जेवणाच्या सुट्टीत ती जिन्याखाली उभी राहून अर्धे पद गाऊन घेते. सुरक्षारक्षकाला ते इतके सवयीचे झाले आहे की ती रजेवर असली तर तो दुसऱ्या दिवशी तक्रार करतो.

मंडळ स्थापले ते महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त आलेल्यांनी. रेल्वे, बँका, आवडी या उपनगरातला संरक्षण कारखाना आणि आता शोळिंगनल्लूरची सॉफ्टवेअर कार्यालये, असा सभासदांचा प्रवाह राहिला आहे. 'संगीत हेमकला' हे मंडळाचे स्वतःचे नाटक. दरबारी कारस्थानामुळे घर सोडावे लागणाऱ्या मूर्तिकाराच्या बायकोची ही गोष्ट आहे. मंडळाच्याच एका दिवंगत सभासदाने ते लिहिले, आणि दर वर्षी मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, त्याचा एक प्रयोग होतो. दिग्दर्शक शरदचंद्र. मूळ सांगलीचे, कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ऑर्गनही तेच वाजवतात. पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन, त्यावर कापडी खोळ, आणि खोळीला हात लावायचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही.

या मंडळात नायिका टिकत नाहीत. नवऱ्याची बदली दिल्लीला झाली की हेमकला दिल्लीला जाते. कंपनीने परदेशी पाठवले की हेमकला परदेशी जाते. म्हणून तालमीला एक प्रॉक्सी लागते, जी नायिका नसेल त्या दिवशी तिच्या जागी उभी राहून संवाद म्हणेल, पदे गाईल, म्हणजे बाकीच्यांची तालीम अडणार नाही. चेन्नईतून कुठेही न जाणारी अशी बाई एकच होती. वसंताने तीन हेमकला पाहिल्या, तिघींच्या हालचाली वहीशिवाय लक्षात ठेवल्या, आणि नवी आली की तिला उभे कुठे राहायचे आणि श्वास कुठे घ्यायचा हे दाखवले. प्रयोगाच्या दिवशी नांदीला सारा संच रंगमंचावर येतो. त्या वेळी प्रॉक्सीनेही शेवटच्या ओळीत उभे राहावे अशी या मंडळाची प्रथा आहे. नांदी संपली की ती विंगेत जाते आणि हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते.

तिला नायिका का केले नाही, याचे मंडळात एकच उत्तर मिळे. "आवाज गोड आहे हो, पण पातळ पडतो. आणि उच्चार."

उच्चारांचे वसंताला हसू येई. तालमीत संवाद म्हणताना ती पुस्तकी मराठी निर्दोष बोले. तालमीनंतर चहाच्या वेळी मात्र ती घरची भाषा बोले, आणि तेवढेच लोकांच्या लक्षात राही. आवाज पातळ पडतो ही तक्रार खरी होती आणि तिचे कारणही तिला ठाऊक होते. गाणारा ज्या स्वराला आपला सा मानतो, त्याला त्याची पट्टी म्हणतात. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमाने ती ओळखतात. वसंताची पट्टी पांढरी पाच. तामिळमध्ये तिला अंजु कट्टै म्हणतात आणि वडिलांनी तिला त्याच स्वरात वाढवले. मंडळाचा ऑर्गन काळी पाचमध्ये वाजे. तो स्वर तिच्या सा-पेक्षा बराच वर आहे. त्यात गाताना तिला चवड्यांवर उभे राहून फळी गाठावी तसे वाटे. प्रॉक्सीने नायिकेच्या पट्टीत गायचे, कारण तबला त्या पट्टीत मिळवलेला असतो, ऑर्गन त्या पट्टीत बसलेला असतो. हे कोणत्याही तालमीत मान्य होण्यासारखे कारण आहे.

पण वसंताने एक गोष्ट हेरली होती. तीन नायिका बदलल्या, पट्टी बदलली नाही. दुसरी नायिका तर मुळात खालच्या आवाजाची होती. तिलाही काळी पाचमध्येच चढवले गेले आणि वर्षभरात ती "घशाला झेपत नाही" म्हणून निघून गेली. एकदा तालमीत वसंताने सहज म्हटले होते, "सर, एक दिवस पांढरी पाचमध्ये वाजवून बघा ना." शरदचंद्रांनी ऑर्गनवर बोटे ठेवली, दोन स्वर चाचपले, तिसऱ्याला अडखळले आणि म्हणाले, "आज वेळ नाही." त्यांनी खोळ घातली. वसंता त्या बोटांकडे पाहत राहिली. मंडळाची अगदी पहिली हेमकला, वसंता येण्याआधीची, म्हणजे शरदचंद्रांची पत्नी. तिच्या गाण्याला साथ करण्यासाठी ते चाळिशीत, कोणाकडे न जाता, ऑर्गन शिकले होते. आणि ती काळी पाचमध्ये गात असे. ती वारली. बोटे तिथेच राहिली. मंडळाच्या साऱ्या नायिका उच्चारांवर निवडल्या गेल्या असे सांगितले जात होते. खरे तर त्या एका माणसाला येणाऱ्या एकाच पट्टीवर निवडल्या जात होत्या. वसंताने हे घरीही कोणाला सांगितले नाही. नवरा वेंकट रेल्वेत आहे, त्याला एवढेच म्हणाली, "मला त्या स्टेजवर एकदा उभं राहायचं आहे. माझ्या तोंडानं, माझ्या कट्टैत, माझ्या नावानं. मग पाहिजे तर अस्का सोडते."

"अस्का सोडलंस तर जेवण कोण करेल?" वेंकट म्हणाला.

"तुम्ही. प्रॉक्सी."

त्या वर्षीची हेमकला विद्युलता होती. पुण्याची, शोळिंगनल्लूरमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि काळी पाचमध्ये मोकळेपणाने फिरणाऱ्या गळ्याची. वसंताशी ती वाईट वागत नसे. तिला 'ताई' म्हणे, तिचा डबा आवडीने खाई, आणि तिच्या 'अस्का'ची नक्कल करून साऱ्या संचाला हसवी. वसंताही हसे. हसताना ती तिच्याकडे पाहत नसे, इतकेच.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी विद्युलताचा घसा बसला. दोन दिवस ताप होता, तो उतरला आणि जाताना आवाज घेऊन गेला. बोलता येत होते, घोगरे. गाताना सा-च्या जागी नुसती हवा येई. प्रयोग पुढे ढकलणे अशक्य होते. मार्गळीत चेन्नईतली सारी सभागृहे संगीत मैफलींनी भरलेली असतात. अण्णा नगरातले हे सभागृह सोडले असते तर थेट पोंगलनंतर मिळाले असते, आणि तोवर नायकाची बदली झाली असती.

मेकअपच्या खोलीत शरदचंद्रांनी तोडगा सांगितला तेव्हा खोलीत चौघे होते. ते स्वतः, विद्युलता, वसंता आणि तबलावादक गिरिधर. गिरिधर वसंताच्या नात्यातला. तंजावरकडच्या मराठी घरांत होणाऱ्या भजनांना तोच साथ करतो आणि तिला अक्का म्हणतो.

"विद्युलता दिसेल," शरदचंद्र म्हणाले. "संवाद ती बोलेल, माइक जवळ ठेवू. पदं तुम्ही विंगेतून म्हणाल, वसंताबाई. लोकांना कळणारही नाही. दोघींचंही काम होईल."

"माझं कोणतं काम होईल, सर?"

"गाण्याचं."

"ते मी जिन्याखाली रोज करते."

विद्युलता आरशासमोर बसली होती. अर्धा चेहरा रंगवलेला होता. तिने मान वळवली. "आणि मला कोणी विचारलं का?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझ्या तोंडातून दुसऱ्या कोणाचा आवाज येणार आणि मी नुसते ओठ हलवणार. मी काय कळसूत्री बाहुली आहे?"

"अगं, प्रसंग बघ ना."

"प्रसंग बघितला, काका. मला ताप होता, अक्कल शाबूत आहे."

शरदचंद्र वसंताकडे वळले. तिथून सहकार्य मिळेल असे त्यांना इतक्या वर्षांच्या अनुभवावरून वाटले असावे. "तुम्ही तरी समजून घ्या."

वसंताने पर्स मांडीवर घेतली. "मी समजून घेतलं आहे. मला स्टेजवर सोडा. चेहरा माझा, पट्टी माझी, नाव माझं. तिन्ही मिळून एक आहे, त्यातलं अर्धं मी घेणार नाही. होत नसेल तर मी वेलचेरीची गाडी धरते."

"ही धमकी आहे?"

"वेळापत्रक आहे. रविवारी गाड्या कमी असतात."

गिरिधरला हसू आले. त्याने ते हातोडीने तबल्याच्या कडेवर ठोकून लपवले.

"तुमचे उच्चार," शरदचंद्र म्हणाले, आणि थांबले, कारण हे वाक्य तिच्या तोंडावर त्यांनी आजवर कधी पुरे केले नव्हते.

"करा की पुरं. उच्चारांचं काय?" वसंता म्हणाली. "पुण्यात पहिलं नाटकगृह उभं राहायच्या कितीतरी आधी तंजावरच्या वाड्यात मराठी नाटकं होत होती. तेव्हापासून आम्ही बोलतो तसंच बोलतोय. बदललं कोण, हे एकदा नीट तपासायला हवं. पण आज नको. आज मी तुमच्या पुस्तकातलं बोलेन, काना-मात्रेसकट. तिघींना मीच तर पाठ करून दिलं आहे."

"बरं. उभ्या राहा तुम्ही." हे त्यांनी इतक्या पटकन म्हटले की विद्युलतानेही वळून पाहिले. "पण पट्टी आता बदलता येणार नाही. काळी पाचमध्ये गा. तालमीत गाता तशा."

खरा विषय इथे येऊन थांबला होता, आणि खोलीत तो ओळखणारी माणसे दोन होती. वसंताची नजर त्यांच्या हातांवर गेली. ते हात गुडघ्यांवर होते आणि बोटे किंचित हलत होती, जणू तिथेही काळी पाच शोधत होती. तिच्या मनात वाक्य तयार होते. ते विद्युलता आणि गिरिधर यांच्या देखत म्हटले असते तर शरदचंद्रांना त्या ऑर्गनवर पुन्हा ताठ मानेने बसता आले नसते. इतक्या वर्षांचा हिशेब एका दमात चुकता झाला असता. तिने ते वाक्य गिळले. दया आली म्हणून गिळले, असे ती म्हणत नाही. "त्यांना पाडून मी उभी राहिले असते, तर लोकांनी पडलेल्याकडे बघितलं असतं. माझ्याकडे कोणी बघितलं असतं?" असे तिचे स्पष्टीकरण आहे.

प्रत्यक्षात ती एवढेच म्हणाली, "माझ्या पदांना ऑर्गन नको, सर. नांदी तुम्ही वाजवा, नायकाची पदं वाजवा. माझ्यासाठी श्रुतीपेटी आहे." आणि पर्समधून ती काढून आरशासमोरच्या पावडरच्या डब्याशेजारी ठेवली.

"ऑर्गनशिवाय संगीत नाटक?"

"इतकी वर्षं मी होते आणि कोणाला दिसले नाही. आज ऑर्गन असेल आणि कोणाला ऐकू येणार नाही. नाटक बंद पडत नाही त्यानं."

"आणि तबला? तो काळी पाचचा आहे. पांढरी पाचला उतरणारच नाही, कातडं सैल पडेल, गिरिधरला विचारा."

गिरिधरने मान खाली घातली होती. "गाडीत दुसरा आहे, सर," तो म्हणाला. "भजनाचा. अक्काच्या पट्टीतला."

"तो आज कशाला आणलास?"

"तो गाडीतच असतो. दर वर्षी या दिवशी मी तो काढून घरी ठेवायचं विसरतो."

विद्युलता उठली, डोक्यावरचा अंबाडा सोडला आणि केसांतल्या पिना एकेक करून वसंतापुढे ठेवू लागली. "घ्या. मी समोर बसते, पहिल्या रांगेत. बघते तुमचं." मग दाराशी जाऊन, जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात म्हणाली, "ताई, तेवढं ते अस्का स्टेजवर येऊ देऊ नका हं."

नऊवारी कोणालाही नेसता येते. प्रश्न ब्लाउजचा होता. वसंताने अंगातला, बँकेत घालायचा पिवळाच चालवला. निवेदकाने कागद वाचून दाखवला. 'आजच्या प्रयोगात विद्युलता यांच्या जागी' अशी सुरुवात होती.

"जागी नको," वसंता म्हणाली. "भूमिकेत म्हणा. हेमकलेच्या भूमिकेत वसंता राव. पुढे पूर्णविराम."

"पण लोक विचारतील विद्युलताताई कुठे आहेत."

"पहिल्या रांगेत आहेत. त्यांनाच विचारा म्हणावं."

पुढे काय झाले याबद्दल मंडळात दोन कहाण्या आहेत. एकीनुसार पहिल्या पदालाच सभागृह उभे राहिले. दुसरीनुसार अर्धे सभागृह निघून गेले. वसंताची मुलगी रंजनी बाल्कनीत फोन घेऊन बसली होती. ती शोळिंगनल्लूरमध्येच नोकरी करते, मराठीपेक्षा तामिळ सहज बोलते आणि आईच्या नाटकाला पहिल्यांदाच आली होती. तिची चित्रफीत दोन्ही कहाण्यांना पाठिंबा देत नाही.

त्यात दिसते ते असे. नांदीला वसंता शेवटच्या ओळीत, नेहमीच्याच जागी उभी राहिली. नांदी संपल्यावर तिचे पाय सवयीने विंगेकडे दोन पावले गेले. मग ती थांबली आणि वळून पुढे आली. पहिल्या पदाला श्रुतीपेटीचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचला नाही, आणि तिने मात्राभर उशिरा उचल घेतली. गिरिधरने एक आवर्तन ताणून तिला आत घेतले. तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ फोन कानाला लावून बाहेर गेला तो परतला नाही. विद्युलताच्या कार्यालयातली काही मंडळी पहिल्या अंकानंतर उठून गेली. आवाज मात्र पातळ नव्हता. ज्यांनी तिला वर्षानुवर्षे तालमीत ऐकले होते, त्यांनी कोणी माइक बदलला का हे पाहायला मान उंच केली. खालच्या सा-ला तो गाभाऱ्यातून आल्यासारखा भरून येत होता, आणि वरच्या षड्जाला तिला चवड्यांवर उभे राहावे लागत नव्हते.

मध्यंतरात रंजनीच्या फोनने दोन आवाज टिपले आहेत. एक म्हणतो, "हे नाट्यसंगीत म्हणायचं की कच्चेरीची मैफल? सगळा कंप कर्नाटकी आहे." दुसरा, बाईचा, म्हणतो, "असू दे हो. निदान शब्द कळतायत." रंजनीने खाली जाऊन आईला विचारले, "अम्मा, ते कंप कंप म्हणतायत. कमी करशील?"

"तुला कसं वाटलं?"

"मला? मला नाटक अर्धं कळलं. गाणं अस्का कळलं."

"मग राहू दे."

तिसऱ्या अंकात हेमकला घर सोडते. त्याआधीचे पद लांब आहे आणि तबल्याशिवाय सुरू होते. वसंताने पहिली ओळ घेतली, श्वास घेतला, आणि त्या उसंतीत रंगमंचापुढच्या, वादकांच्या खड्ड्यातून ऑर्गन ऐकू आला. दोनच स्वर. सा आणि प. दोन पांढऱ्या पट्ट्या दाबून धरलेल्या, भात्याच्या चालीबरोबर किंचित फुगणाऱ्या. पद संपेपर्यंत त्यांत तिसरा स्वर मिसळला नाही. पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या कोणीतरी नंतर सांगितले की शरदचंद्र त्या वेळी पट्ट्यांकडे पाहत होते, एखादा मुलगा रस्ता ओलांडताना पाहतो तसे. हे चित्रफितीत दिसत नाही. स्वर मात्र ऐकू येतात, आणि ते अचूक आहेत.

पदानंतर टाळ्या झाल्या. उभे राहून नव्हे. चेन्नईत लोक बसून, मांडीवर ताल देत ऐकतात आणि टाळ्याही तशाच बसून देतात. पण त्या थांबायला वेळ लागला. मग निरोपाचा संवाद. पुस्तकात शेवटचे वाक्य असे आहे: 'सगळे इथेच ठेवून जाते.' तोवर वसंताने एकही अक्षर इकडचे तिकडे केले नव्हते. तिने उंबऱ्यावर उभे राहून घराकडे पाहिले, मग पहिल्या रांगेकडे, आणि ती म्हणाली,

"अस्का इथेच ठेवून जाते."

सभागृहाच्या डाव्या बाजूला तंजावरकडची कुटुंबे बसली होती. तिकडून एक हुंकार उठला, जेवणाच्या पंगतीत ओळखीचे नाव कानावर पडल्यावर उठतो तसा. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आपली आहे की ही." उजव्या बाजूला कोणी हसले नाही. तोंडातून चुकून गेले, असे मंडळातले काही जण आजही मानतात. वसंताला विचारले तर ती प्रश्नच परत करते: "चुकून? मी?"

विद्युलता पडद्यामागे आली तेव्हा वसंता पिना काढत होती. "तुम्ही मुद्दाम केलंत," ती म्हणाली.

"तूच आठवण केलीस ना जाताना."

विद्युलताने खाली पडलेली एक पिन उचलून तिच्या हातात दिली. "पुढच्या वर्षी मी गाणार आहे हं. घसा कायमचा गेलेला नाही."

"गा की. मी तुझी जागा घेतलेली नाही. मी माझी घेतली."

पोंगलनंतर मंडळाची बैठक झाली. तिथे शरदचंद्रांनी स्वतःच सुचवले की हेमकला यापुढे वसंताबाईंनी करावी. टाळ्या पडल्या, स्मरणिकेसाठी छायाचित्र निघाले. वसंता उभी राहिली आणि तिने नकार दिला. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते की, एक बाई चांगली निघाली म्हणून तिला कायमची खुर्ची द्यायची हे तिला नको आहे. दर वर्षी निवड होऊ दे. गाणारीने आपल्या पट्टीत गावे, वाजवणाऱ्याने तिच्या मागे जावे. आणि जी बाई वर्षभर प्रॉक्सी उभी राहील, तिचा एक प्रयोग, आधी जाहीर करून, तिच्या नावावर व्हावा. कोणाचा घसा बसण्याची वाट पाहायला लागू नये.

"म्हणजे वर्षाला दोन प्रयोग?" कोषाध्यक्ष म्हणाले.

"मार्गळीत मिळत नसेल तर चैत्रात करा. चेन्नईत उन्हाळ्यात हॉल ओस पडलेले असतात. घाम येईल, तेवढंच."

यावर बरीच वादावादी झाली. एकाने विचारले, पट्टी दर वर्षी बदलणार तर ऑर्गनचे काय. सगळे शरदचंद्रांकडे वळले. वसंता मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिली.

"ऑर्गनचं मी बघतो," शरदचंद्र म्हणाले. "शिकवणी लावली आहे."

ठराव कसाबसा मंजूर झाला.

त्या वर्षीच्या निवडीत विद्युलता हेमकला झाली, घसा दुरुस्त करून, काळी पाचमध्ये. वसंता निवडली गेली नाही. परीक्षकांपैकी दोघांना तिचा कंप पसंत पडला नाही, असे तिने ऐकले. ती म्हणाली, "त्यांचा कान, त्यांचं मत. माझा चैत्रातला प्रयोग आहे." त्या प्रयोगाला सभागृह निम्मे रिकामे होते आणि पंखे आवाज करत होते. ती गायली. शरदचंद्रांनी पांढरी पाचमध्ये चार पदांना साथ केली. एका पदात चुकले, तेव्हा तिने तान लांबवून त्यांना हात शोधायला वेळ दिला.

यंदा वसंता हेमकला आहे आणि प्रॉक्सीला नवी मुलगी आली आहे. यामिनी, मूळ नाशिकची, शोळिंगनल्लूरमध्ये नोकरीला, बोलताना दर वाक्याला माफी मागितल्यासारखी मान हलवणारी. पहिल्या तालमीला ती भिंतीला टेकून उभी होती.

"तुझी पट्टी कोणती गं?" वसंताने विचारले.

"तुमची चालेल ना, वसंताताई. मी काय, नुसती प्रॉक्सी."

"माझी मला लागते. तुझी सांग."

यामिनीने इकडेतिकडे पाहिले. "काळी दोन असावी," ती हळूच म्हणाली. "नक्की माहीत नाही. कोणी विचारलंच नव्हतं."

ऑर्गनवर बसलेल्या शरदचंद्रांनी मोठा उसासा टाकला. "आता काळी दोन? वसंताबाई, माझं वय काय, तुम्ही मागता काय."

"वय मी मागितलेलं नाही, सर. सा मागितला आहे."

ते पुटपुटत पुढे वाकले, चष्मा सरळ केला आणि काळी दोन शोधू लागले. पहिल्यांदा भलतीच पट्टी लागली. यामिनी घाबरून गायला सुरुवात करणार, तेवढ्यात वसंताने तिचा दंड धरला.

"थांब," ती म्हणाली. "त्यांना सापडू दे. तू तुझा सा सोडू नकोस."